बाबा म्हणजे बुवा नव्हे

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. भिंतीला पाठ लावून उभा राहणारा तो आजकालचा पातळ प्रकार नव्हे. मला भलंमोठं पोट आहे आणि भरपूर वजन आहे. मला हलवायला दोन माणसं लागतात आणि हलवून झाल्यावर दोघंही माझ्या नावाने बोटं मोडतात. घरात मला 'डब्बा' म्हणतात. म्हणोत बापडे! माझं काम दाखवण्याचं आहे आणि ते मी अजून करतो. चालू केल्यावर चित्र यायला जरा वेळ लागतो, पण येतं.

एका मोठ्या कारखान्यात माझ्या काचेच्या नळीभोवती तांब्याच्या तारा गुंडाळल्या गेल्या आणि तपासणीच्या टेबलावर माझ्या काचेवर पहिल्यांदा रंगीत पट्टे उमटले. मला वाटलं, एवढंच दाखवायचं असतं. मग ट्रकमध्ये बसून मी जबलपूरला आलो. घमापुरातल्या एका दुकानात काही दिवस नुसता उभा होतो, आणि येणारा-जाणारा माझ्या काचेत बघून भांग ठीक करून जायचा. एक दिवस विष्णुपंत आले. तोफांच्या कारखान्यात नोकरी, ताठ मान, कडक इस्त्री आणि मोजकं बोलणं. त्यांच्या मुलाचं, शैलेंद्रचं, नुकतंच लग्न झालं होतं. घरात सून आली तर रंगीत टीव्हीही यायला हवा, असं त्यांनी ठरवलं होतं. दुकानदाराने दुसराच टीव्ही पुढे केला, तर माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "ये वाला. इसकी आवाज़ में दम है." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक.

घर घमापुरातच. मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरातलं. त्यामुळे उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर उभं राहून जे बोलायचे ते दोन्ही मिळून. पहिल्याच दिवशी शैलेंद्र अँटेना घेऊन गच्चीवर चढला. खालून विष्णुपंत ओरडले, "मुंग्याच येऊन राहिल्या!" शेजारच्या गच्चीवरून कोणी म्हणालं, "भैया, थोड़ा बाएँ!" शैलेंद्रने अँटेना डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, शेवटी स्वतःच ती धरून उभा राहिला, तेव्हा कुठे माझं चित्र स्थिर झालं. घरातल्यांनी बातम्या पाहिल्या. बातम्या संपेपर्यंत तो वरच होता. तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस निराळा आहे.

तेव्हापासून मला एक खोड लागली. माझ्या काचेवर येणारे बाप मी निरखून बघू लागलो. मालिकांमधले बाप बहुतेक गरजायचे. "या घरात माझाच शब्द चालेल," असं म्हणून ते काठी आपटायचे, आणि विष्णुपंत मांडीवर थाप मारून म्हणायचे, "बाप असा पाहिजे!" काही बापांना तर बोलायची संधीच नसे, ते हार घातलेल्या फोटोतून पोरांकडे बघत राहायचे. जाहिरातीतल्या बापाला साखरेचा डबा सापडत नसे, डोळ्यांसमोर असूनही. आणि कार्टूनमधला बाप शिडीवरून पडायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा पडायचा. बायको कपाळाला हात लावायची आणि मुलं खिदळायची. हे सगळे मी इमानाने दाखवले. टीव्हीला आवडनिवड कोण विचारतो? पण माझ्यासमोर पलंगावर बसून शेंगा सोलणारा जो बाप होता, तो यांतल्या कुणासारखाच नव्हता. ते मला डाचायचं.

शैलेंद्र आता वडिलांच्याच कारखान्यात तोफा जोडायचा, आणि बापही झाला होता. त्याच्या मुलीचं नाव दीप्ती. तिची आई शरयू रेल्वेच्या तिकीट खिडकीवर कामाला होती. पहाटेची ड्यूटी लागली की ती उजाडण्याआधीच घरातून निघायची. मग मागे राहायची छोटी दीप्ती, तिचे दाट गुंतणारे केस आणि शाळेचा नियम. दोन वेण्या, लाल रिबिनी. त्याशिवाय फाटकातून आत घेत नसत.

शैलेंद्रने घातलेली पहिली वेणी शाळेच्या रिक्षात बसायच्या आत सुटली. दुसरी जरा टिकली, पण एका बाजूला कान ओढून घेऊन. त्या संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला. माझ्यावर शरयूने विणलेलं क्रोशाचं आच्छादन होतं आणि त्याला खाली लांब गोंडे होते. त्याने गोंड्यांचे तीन पेड हातात घेतले आणि विणायला सुरुवात केली. विणायचा, सोडायचा, पुन्हा विणायचा. माझ्या काचेवर क्रिकेट चालू होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं.

विष्णुपंतांनी चष्मा वर केला. "काहून रे, तोफा जोडणारे हात आता गोंडे विणून राहिले?"

"वेणी शिकून राहिलो, अण्णा."

"बायकांची कामं आहेत ती."

"पण शाळा तर दीप्तीची आहे नं, अण्णा," शैलेंद्र म्हणाला आणि पुन्हा पेड घेतले.

विष्णुपंत खो खो हसले आणि त्यांनी माझा आवाज वाढवला. शैलेंद्र मात्र उठला नाही. थोड्याच दिवसांत दीप्तीच्या वेण्या अशा घट्ट आणि सरळ बसू लागल्या, की शेजारची एक मुलगी रोज सकाळी कंगवा घेऊन दारात यायला लागली, आणि तिच्या मागून तिची बहीण. वेणी घालताना तो कुणाच्या केसांना हिसका देत नसे. गुंता आला की मुळाशी बोटं धरायचा आणि खालून हळूहळू सोडवत वर यायचा. मी रोज बघायचो, आणि मनात म्हणायचो, अरे, याला कोणी दाखवत काहून नाही?

एकदा मात्र माझ्या काचेवर त्याच्यासारखा एक बाप आला. रविवारच्या एका कार्टूनमध्ये एक अस्वल आपल्या पिल्लाला नदी ओलांडायला शिकवत होतं. पिल्लू घाबरून मागे फिरलं. अस्वलाने ना त्याला ढकललं, ना उचललं. ते पाण्यात उभं राहिलं आणि वाट बघत राहिलं. दीप्ती शैलेंद्रच्या मांडीवर बसली होती. म्हणाली, "बाबा, हा अस्वल तुमच्यासारखाच आहे."

"केसाळ?"

"नाही. ओरडत नाही."

शैलेंद्रने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो कार्टून संपेपर्यंत काढला नाही. त्या अस्वलाचे पुढे फार भाग आले नाहीत. शिडीवरून पडणारा बाप मात्र वर्षानुवर्षं पडतच राहिला.

पुढे हे लोक घमापूर सोडून विजय नगरला राहायला गेले. नव्या हॉलमध्ये पातळ टीव्ही आला आणि मला जिन्याखालच्या खोलीत रजयांच्या ढिगामागे ठेवलं. माझ्या पोटात धूळ बसली. एकदा भंगारवाला आला, मला बघून नाक मुरडलं आणि म्हणाला, "इसमें कुछ नहीं रखा." मला इतका संताप आला! माझ्यात काय काय आहे ते त्या बाबाजीला कोण सांगणार? मी ठरवलं, मोडायचं नाही. कोणी तार लावेल त्या दिवशी चित्र द्यायचंच.

तो दिवस आणला विष्णुपंतांनी. वय झालं, पाय थकले, ते आपल्या खोलीतच असायचे. नव्या टीव्हीच्या रिमोटवर बटणं फार, आणि चुकीचं दाबलं की सगळं इंग्रजीत. "माझा डब्बा आणा," असं ते म्हणाले, आणि विष्णुपंतांनी ठरवलं की ठरलं. मला त्यांच्या पलंगासमोर ठेवलं, तार लावली. मी जरा कुरकुरलो, खरखरलो आणि मग चित्र दिलं.

त्याच सुमारास दीप्ती इंदूरची नोकरी सोडून घरी आली. ती ॲनिमेशन करते, म्हणजे चित्रांना चालायला-बोलायला लावते. इंदूरला ती दुसऱ्यांची चित्रं हलवायची. आता तिला स्वतःचं एक छोटं कार्टून करायचं होतं. मुलांच्या एका वाहिनीने गोष्ट मागवली होती. आवडली तर रविवारी सकाळी दाखवू आणि पुढची मालिकाही तुमच्याकडूनच करून घेऊ, असं त्या वाहिनीच्या रुचिराबाईंनी सांगितलं होतं. दीप्तीने सगळा जोर त्यावर लावला होता.

ती आपलं काम दाखवायला माझ्याकडे यायची. तिने एक छोटी पेटी आणली, तिची लाल-पांढरी-पिवळी वायर माझ्या पाठीत खोचली आणि म्हणाली, "बरगीकडच्या खेड्यांत अजून किती घरांत असेच डब्बे आहेत. इथं नीट दिसलं, तर कुठंही दिसेल." माझी छाती फुगली. मी जुन्या पद्धतीचा, चित्राच्या कडा थोड्या खाऊन टाकतो. एकदा वेणी घालणारे हातच माझ्या कडेपलीकडे गेले. "बाबांचे हात कापले गेले!" असं ओरडून तिने सगळं चित्र मधोमध सरकवलं. तिच्या नव्या, महागड्या पडद्याने हे सांगितलं नव्हतं.

गोष्ट अगदी साधी होती. मनू नावाची मुलगी, तिचे बाबा, सकाळची घाई आणि दोन वेण्या. चित्रं काढायचं काम घमापुरातल्या विक्कीकडे होतं; हा हिंदी घरातला मुलगा, हात सुरेख. दीप्तीने त्याला गोष्ट हिंदीत लिहून दिली: "सुबह हुई. बाबा मनु की चोटी गूँथने बैठे." मग पहिली चित्रं आली. दीप्तीने ती माझ्यावर लावली, आणि शैलेंद्र, शरयू, विष्णुपंत सगळे बघायला बसले. विक्कीही आला होता, दाराशी उभा होता.

चित्र आलं. सकाळ छान होती, खिडकीतून ऊन येत होतं, मनू पाटावर बसली होती. आणि तिच्या मागे बसून वेणी घालत होता एक साधू. अंगाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष, शेजारी चिमटा आणि कमंडलू, डोक्यावर जटांचा डोंगर.

विष्णुपंत म्हणाले, "हा कोण बुवा घरात घुसला?"

"विक्की!" दीप्ती म्हणाली. "ये कौन है?"

"बाबा हैं, दीदी," विक्की गोंधळून म्हणाला. "आपने ही तो लिखा था. मैं तो नर्मदा पे ग्वारीघाट जाकर साधु देख के आया, जटा एकदम असली है."

"अरे, बाबा मतलब पापा!"

"तो पापा लिखतीं ना, दीदी!"

शरयू पदर तोंडाला लावून हसत होती. शैलेंद्र तर डोळे पुसत होता. "एवढ्या वर्षांत माझ्या जटा कोणाला दिसल्या नव्हत्या बरं," तो म्हणाला. बघा मित्रांनो, मराठी घरातली मुलगी हिंदीत लिहिते, पण डोक्यातला बाबा मराठीच राहतो. विक्कीने तिला विचारलं, सगळीकडे 'पापा' करून टाकू का? दीप्तीने मान हलवली. "हमारे घर में पापा कोई है ही नहीं, विक्की. बाबा ही हैं."

विक्कीने साधू काढून टाकला आणि खरा बाबा काढला. मिशी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, हातात कंगवा. मी ते चित्र दाखवलं तेव्हा शैलेंद्र उगाचच आपल्या खिशातलं पेन चाचपत होता.

पूर्ण झालेलं कार्टून वाहिनीकडे गेलं आणि काही दिवसांनी रुचिराबाईंचा फोन आला. दीप्ती आजोबांच्या खोलीतच होती, तिने फोन स्पीकरवर लावला. "दीप्ती जी, बहुत प्यारी है," त्या म्हणाल्या, "लेकिन हँसी कहाँ है? ऐसा करिए, पापा से चोटी बिगड़वाइए. तेल गिरे, पापा फिसलें, कंघी बालों में अटक जाए. फिर मम्मी आकर सब ठीक कर दे. बच्चे लोटपोट हो जाएँगे." दीप्तीने विचारलं, असं नाही केलं तर? रुचिराबाई गोड आवाजातच म्हणाल्या, की मग रविवारची वेळ दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, आठवड्याभरात कळवा.

फोन ठेवल्यावर आधी शरयूच बोलली. "मम्मी येऊन ठीक करणार? मम्मी त्या वेळी तिकीट खिडकीवर असते! लोकांना इटारसीचं तिकीट देऊ की वेणी ठीक करू?"

दीप्ती हसली नाही. ती माझ्यासमोर, जमिनीवर बसून राहिली. शैलेंद्र तिच्याजवळ येऊन बसला. "बेटा, पाड नं मला," तो म्हणाला. "चित्रातलाच तर बाबा आहे. तेलावरून घसरला तर काय हाड मोडते काय? लोक हसतील, तुझं काम होईल. चलो, खतम."

मला तेव्हा त्याचा रागच आला. एवढा भला माणूस, आणि स्वतःला पाडायला निघाला! पण खरं सांगू? गच्चीवर अँटेना धरून उभा राहिला होता तोच हा शैलेंद्र. घरच्यांना चित्र दिसावं म्हणून स्वतः दिसला नाही तरी त्याला चालायचं.

"नाही बाबा," दीप्ती म्हणाली. "तुम्ही माझी वेणी बिघडवून हसवलं कधी?"

"सुरुवातीला तर वाकडीच घालत होतो."

"घालत होते, पण शिकले नं? ते काहून कोणी दाखवत नाही? लहानपणापासून मी या डब्ब्यावर पडणारेच बाबा बघून राहिले. शाळेत मी सांगायची, माझी वेणी बाबा घालतात, तर मुली म्हणायच्या, खोटं बोलते. टीव्हीवर कोणाचेच बाबा घालत नाहीत म्हणे! मी हे कार्टून त्यांच्यासाठी करून राहिले. तुम्हाला पाडून ते दाखवलं, तर त्या मुलींचंच खरं ठरेल."

"आणि वाहिनी नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणू दे. इंदूरला पुन्हा नोकरी करीन. पण माझे बाबा तेलावरून घसरणार नाहीत."

मित्रांनो, माझ्यात टाळ्या वाजवायची सोय नाही, नाहीतर मी वाजवल्या असत्या. पण नुसत्या हट्टाने पोट भरत नाही, हेही मला कळत होतं. हसू तर लागणारच होतं. मुलांना हसायला आवडतं. त्यात त्यांचं काय चुकलं? मी इतकी वर्षं मुलांचे चेहरे जवळून पाहिले आहेत. त्यांना बाप पडायला हवा असतो असं नाही, त्यांना फक्त हसायला काहीतरी हवं असतं.

दोन-तीन दिवस दीप्ती नुसती कागदावर रेघोट्या मारत होती. मनूला पाडून पाहिलं, मांजर आणून पाहिलं. काहीच जमेना. एका दुपारी विष्णुपंत मला बघत पडले होते आणि ती त्यांच्या पायाशी बसली होती. एकाएकी म्हातारा म्हणाला, "तो बुवाच बरा होता. त्याच्या जटांत हसायला पुष्कळ होतं."

दीप्तीने मान वर केली. "काय म्हणाले, आजोबा?"

"अगं, तुझा बाप एवढा वेणी घालणारा आहे नं? मग घालू दे त्या बुवाची! बघू कशी घालतो."

दीप्ती उठली ती इतक्या जोरात, की माझी वायरच निसटली. ती विक्कीला फोनवर विचारत होती, "वो साधु डिलीट तो नहीं किया?" आणि विक्की सांगत होता, "दीदी, मैंने तो उसको वॉलपेपर बना रखा है!"

नवी गोष्ट अशी झाली. सकाळ आहे. बाबा मनूच्या वेण्या घालताहेत. दारात शेजारच्या मुली कंगवे घेऊन रांगेत उभ्या आहेत. तेवढ्यात घाटावरचा एक साधू भिक्षेला येतो, आणि मनू आत ओरडते, "बाबा, बाबा आए हैं!" बाबा बघतात साधूकडे, साधू बघतो वेण्यांकडे, आणि गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. त्याची पाळी येते. बाबा घाबरत नाहीत, वैतागत नाहीत. बाह्या सरसावतात, तेल घेतात आणि मुळाशी बोटं धरून गुंता सोडवायला लागतात. जटांमधून आधी निघतो एक पेरू. मग चमचा. मग एक चिमणी, तीही झोपलेली. शेवटी साधू लाल रिबिनीच्या दोन वेण्या हलवत नर्मदेच्या वाटेने निघतो आणि मनू शाळेच्या वाटेने.

रुचिराबाईंनी ते बघून फोन केला तेव्हा त्यांना हसण्यामुळे धड बोलता येईना. "ये चलेगा! बस, एक बात. 'बाबा' की जगह 'पापा' कर दें?"

"फिर तो मज़ाक ही खत्म हो जाएगा, रुचिरा जी," दीप्ती म्हणाली. त्या पुन्हा हसल्या आणि म्हणाल्या, "अच्छा, बाबा ही रहने दीजिए." अशा रीतीने बाबाही राहिला, बुवाही राहिला, आणि कोणीही घसरलं नाही.

रविवार उजाडला. हॉलमधला मोठा टीव्ही सोडून सगळे विष्णुपंतांच्या खोलीत जमले, कारण त्यांना उठवत नव्हतं. विक्की आला, शेजारचे दोघे-तिघे आले. आणि नेमकं त्याच दिवशी घरातला विजेचा दाब कमी. माझं चित्र वरून खालून आकसायला लागलं. माझी नळी जुनी, आत काहीतरी तापल्याचा वास येत होता. विक्की माझ्या डोक्यावर चापट मारायला पुढे झाला, पण शैलेंद्रने त्याचा हात धरला आणि माझ्या पाठीवर नुसता तळवा टेकवला. मी म्हटलं, आज नाही. आयुष्यभर नाही नाही ते बाप दाखवले. आज हा दाखवायचा आहे. उद्या फुटलो तरी चालेल. मी सगळा जोर लावला आणि चित्र पुन्हा काठोकाठ भरलं.

"बाबा, बाबा आए हैं!" म्हटल्यावर खोलीत हशा पिकला. चिमणी निघाली तेव्हा शेजाऱ्यांचं पोर जमिनीवर लोळलं. शरयू हसता हसता रडायला लागली. शैलेंद्र माझ्याकडे न बघता दीप्तीकडेच बघत होता. कार्टून संपलं. जाहिराती लागल्या, कोणीतरी आवाज बंद केला. सगळ्यांनी विष्णुपंतांकडे पाहिलं, कारण ते एकदाही हसले नव्हते.

ते म्हणाले, "शैलू."

शैलेंद्र पुढे झाला. "काय झालं, अण्णा?"

"माझ्या डोक्याला तेल लावशील का रे जरा?"

शैलेंद्रने वाटीत तेल आणलं, वडिलांना उशीला टेकवून बसवलं आणि त्यांच्या विरळ पांढऱ्या केसांत बोटं घातली. खालून हळूहळू वर. विष्णुपंतांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "मी तुझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही. आठवतच नाही फिरवल्याचं."

"असू द्या, अण्णा."

"असू द्या काय? माहीतच नव्हतं रे, बापाने असंही करायचं असते. आम्हाला कोणी दाखवलंच नाही."

मित्रांनो, ते वाक्य ऐकलं आणि मी हललो. दाखवणं हेच तर माझं काम! या माणसासमोर मी अर्धं आयुष्य उभा होतो. मी त्याला काठी आपटणारे बाप दाखवले आणि तो मांडीवर थाप मारत राहिला. दुसरं काही त्याच्यासमोर आलं असतं तर? मला ठाऊक नाही. मी काय दाखवायचं हे मी ठरवत नाही. पण तुम्ही ठरवू शकता.

म्हणून माझं एक मागणं आहे. मला पुसा, झाका, जपून वापरा, हे नाही मागत; ते तुम्ही केलंत तर उपकार होतील. मागतो ते हे. तुमच्यातलं कोणी तरी पुढे चित्रं काढील, गोष्टी लिहील, कार्टून करील. त्यात बाप आला, की त्याला शिडीवरून पाडण्याआधी एकदा आपल्या घरात डोकावून बघा. तिथे कोणी डबा भरत असेल, कोणी सायकलच्या मागे धावत असेल, कोणी न ओरडता वाट बघत उभा असेल. त्याला बघा आणि तसाच काढा. आणि घरात तसा कोणी नसेल, तर मग जसा हवा तसा काढा. कुठल्या तरी घरात एखादा बाप तो बघत बसलेला असेल, आणि त्याला कोणी तरी दाखवायला हवंच आहे.